गवत, माती, मेणाची वाळू की पुळण? घोड्यांच्या शर्यतींच्या ट्रॅकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर दुबई, केंटकी, पॅरिसच्या लाँगशाँची रेस बघणारे आणि अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर घोडे पाळणारे, दोघांकडूनही साधारण एकाच धाटणीचे प्रश्न येतात: कुठली जमीन घोड्याला चांगली, कुठली वाईट, आणि जगात यावर एकमत का होत नाही? आधी परदेशी ट्रॅकचं बघू, मग आपल्या पुळणीचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूचं.

मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यती कुठल्या ट्रॅकवर होतात?

मुख्य प्रकार तीन. गवत म्हणजे टर्फ, माती-वाळू म्हणजे डर्ट, आणि मेण लावलेली वाळू म्हणजे सिंथेटिक किंवा ऑल-वेदर. युरोप, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग आणि भारतात मोठी शर्यत म्हटली की टर्फच. अमेरिकेत केंटकी डर्बी आणि ब्रीडर्स कप क्लासिक डर्टवर. दुबई वर्ल्ड कप (२००० मीटर) आणि रियाधचा सौदी कप (१८०० मीटर) हेही डर्टवर. जपानमध्ये दोन्ही आहेत, पण मान टर्फला. सिंथेटिकवर ब्रिटनमध्ये वर्षभर भरपूर रेस होतात, मात्र जगातल्या अव्वल शर्यतींपैकी आज जवळपास एकही तिच्यावर नाही. तसं का झालं, ते पुढे येतंच.

बर्फही आहे बरं का. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला गोठलेल्या तळ्यावर १९०७ पासून शर्यती होतात.

डर्ट म्हणजे आपली तांबडी माती का?

नाही, आणि हा गैरसमज फार आहे. आपली तांबडी माती जांभ्याची. उन्हात ती खडीसारखी कडक होते, पावसात तिचा राडा होतो. अमेरिकन डर्ट हे मोजून-मापून केलेलं मिश्रण असतं. त्यात बहुतांश वाळू, आणि थोडी पोयटा व चिकणमाती. वरचा भुसभुशीत थर साधारण तीन ते साडेतीन इंचांचा, त्याखाली दाबून बसवलेला थर आणि त्याखाली पक्का पाया. घोड्याचा खूर वरच्या थरात रुततो, किंचित पुढे घसरतो आणि खालच्या थरावर टेकून उसळतो. वरचा थर एका जागी दोन इंच आणि पुढे चार इंच झाला, की पाय मुरगळायला तेवढं पुरतं. म्हणून दोन रेसच्या मधल्या वेळेत ट्रॅक्टर दाताळं फिरवतो आणि टँकर पाणी मारतो. ओलावा सगळीकडे सारखा ठेवणं हेच डर्टच्या देखभालीचं अर्धं काम.

पाऊस येणार असं दिसलं की उलटं करतात. रोलर फिरवून वरचा थर दाबून टाकतात, म्हणजे पाणी आत न मुरता कडेला वाहून जातं. पाऊस थांबला की ट्रॅक पुन्हा उकरतात. ही उघडझाप घाईत झाली की खालचा थर कुठे कडक, कुठे मऊ राहतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही.

सिंथेटिक ट्रॅकमध्ये नेमकं काय असतं?

सिलिका वाळू, कृत्रिम धागे, काही प्रकारांत रबराचा चुरा, आणि या सगळ्यावर मेणाचा लेप. ब्रिटनमध्ये मार्टिन कॉलिन्स यांचं पॉलीट्रॅक आणि मायकेल डिकिन्सन यांचं टॅपेटा ही दोन नावं सर्वांत परिचित. मेणामुळे वाळूचा कण पाणी धरत नाही. पाणी आरपार खाली जातं. खाली सच्छिद्र डांबर, त्याखाली खडी आणि निचऱ्याचे पाइप असतात. म्हणून मुसळधार पावसानंतरही रेस रद्द होत नाही.

पण मेण म्हटलं की तापमान आलंच. ऊन तापलं की मेण मऊ पडतं, थंडीत कडक होतं. कॅलिफोर्नियातल्या डेल मार रेसकोर्सला पॉलीट्रॅक होतं तेव्हा सकाळच्या सरावाचा ट्रॅक आणि दुपारच्या रेसचा ट्रॅक वेगळाच वाटतो, ही ट्रेनर मंडळींची नेहमीची तक्रार होती. काही वर्षांनी मेण झिजतं, धागे तुटतात, धूळ साचते, आणि नवा लेप द्यावा लागतो. "एकदा टाकलं की सुटलो" असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

तिन्ही ट्रॅकवर घोडा वेगळा का धावतो?

तीन कारणं आहेत: पकड, उसळी आणि तोंडावर उडणारा मारा.

डर्टवर पुढच्या घोड्याच्या टापांनी माती मागे उडते. मागच्या घोड्याच्या डोळ्यांत, नाकात, छातीवर ती बसते. ज्याला याची सवय नाही तो घोडा मान वर करतो, पाऊल आखडतो आणि तिथेच रेस हरतो. म्हणून डर्टवर सुटल्या सुटल्या पुढे जाण्याची चढाओढ असते. वेग सुरुवातीला जास्त, शेवटच्या दोन फर्लांगांत सगळेच थकलेले, आणि जो कमी थकला तो जिंकतो. फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर.

टर्फवर चित्र उलटं. गवताची मुळं खुराला धरून ठेवतात, घसरण कमी, मारा कमी. घोडे घोळक्यात दबा धरून जातात आणि शेवटच्या सरळ पट्टीत जॉकी घोडा सोडतो. इथे शेवटच्या ४०० मीटरचा झपाटा मोलाचा. सिंथेटिकवरची रेस बरीचशी टर्फसारखीच होते. तिथे खूर फार घसरत नाही, जवळजवळ जागेवर थांबतो. हाडांवरचा धक्का कमी बसतो, पण पाय अचानक अडल्यामुळे मागच्या पायांच्या आणि स्नायूंच्या तक्रारी वाढल्या, असं अनेक अमेरिकन ट्रेनर सांगत आले.

सर्वांत वेगवान ट्रॅक कुठला?

प्रकारावरून सांगता येत नाही, त्या दिवशीच्या अवस्थेवरून सांगता येतं. अंतर २४०० मीटरच धरू. २०१८ च्या जपान कपमध्ये आमंड आयने ते २ मिनिटं २०.६ सेकंदांत कापलं, तेही गवतावर. पॅरिसच्या आर्क द ट्रायोंफ शर्यतीत २०११ साली डेनड्रीमने २ मिनिटं २४.४९ सेकंद घेतले. २०२० ला लाँगशाँचं मैदान चिखलमय होतं, तेव्हा सॉटसासला तीच शर्यत जिंकायला २ मिनिटं ३९.३० सेकंद लागले. तेच मैदान, तेवढंच अंतर, आणि फरक जवळपास पंधरा सेकंदांचा. डर्टवर १९७३ च्या बेलमाँट स्टेक्समध्ये सेक्रेटेरिएटने दीड मैल, म्हणजे २४१४ मीटर, बरोबर २ मिनिटं २४ सेकंदांत पार केले. म्हणून नुसत्या वेळेवरून दोन देशांतल्या घोड्यांची तुलना करणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

घोड्याला सर्वांत सुरक्षित ट्रॅक कुठला?

अमेरिकेत जॉकी क्लबने २००९ पासून प्रत्येक जीवघेण्या इजेची नोंद ठेवली आहे. त्या वर्षी दर हजार धावांमागे २.०० घोडे दगावले, २०२३ ला हे प्रमाण १.३२ वर आलं. या नोंदींत सिंथेटिक सातत्याने सर्वांत सुरक्षित ठरतं, टर्फ मध्ये आणि डर्ट सर्वांत मागे. ही आकडेवारी आम्हाला निर्णायक वाटते. पण त्यातून "डर्ट वाईट" एवढंच काढलं तर अर्धं वाचल्यासारखं होईल. प्रमाण उतरलं ते डर्टवरसुद्धा: घोड्यांच्या तपासण्या वाढल्या, औषधांवर निर्बंध आले, ट्रॅकचा ओलावा मोजला जाऊ लागला. याउलट २०१९ च्या हिवाळी-वसंत हंगामात कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सला ३० घोडे दगावले. त्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा बराच जास्त पाऊस झाला होता.

थोडक्यात, ट्रॅकचा प्रकार पाया घालतो, देखभाल निकाल लावते.

सिंथेटिक एवढं सुरक्षित, तर अमेरिकेने आणि दुबईने ते उखडलं का?

कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सना सिंथेटिक सक्तीचं केलं. सांता अनिताला निचऱ्याचा घोळ झाला. वाळूतले बारीक कण खालचा सच्छिद्र थर बुजवून बसले, पाणी तुंबलं, रेस रद्द कराव्या लागल्या. पावसात रेस रद्द होऊ नये म्हणून आणलेला ट्रॅक पावसानेच बंद पडला. २०१० अखेर तिथे पुन्हा डर्ट आलं, केंटकीतल्या कीनलँडला २०१४ मध्ये आणि डेल मारला २०१५ मध्ये.

पण तांत्रिक अडचण हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पैशाचं आणि वंशावळीचं. अमेरिकेतली सगळी पैदास डर्टच्या वेगासाठी झालेली. २००८ चा ब्रीडर्स कप क्लासिक सांता अनिताच्या सिंथेटिकवर झाला, तेव्हा पहिले दोन्ही घोडे युरोपचे आले, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर. अमेरिकेचा लाडका कर्लिन चौथा. स्टड फार्मवाल्यांना हे कसं पटावं?

दुबईचं तसंच. १९९६ चा पहिला वर्ल्ड कप नाद अल शेबाच्या डर्टवर अमेरिकेच्या सिगारने जिंकला. २०१० ला शर्यत मेदान रेसकोर्सला गेली आणि टॅपेटा आला. अमेरिकन मालक हळूहळू येईनासे झाले. २०१५ ला पुन्हा डर्ट. सुरक्षिततेवरून हा निर्णय झाला असं कुणी म्हणत नाही. कॅनडाच्या वुडबाइनने मात्र सिंथेटिक सोडलं नाही. २००६ ला पॉलीट्रॅक आणि २०१६ ला टॅपेटा. तिथल्या हवेला ते मानवलं. अमेरिकेची माघार घाईची झाली असं आमचं मत आहे. निचरा दुरुस्त करता आला असता.

एका ट्रॅकवरचा विजेता दुसऱ्या ट्रॅकवर चालतो का?

काही चालतात. सेक्रेटेरिएटने आपल्या शेवटच्या दोन्ही शर्यती गवतावर जिंकल्या. अॅनिमल किंगडमने २०११ ला डर्टवर केंटकी डर्बी, २०१३ ला टॅपेटावर दुबई वर्ल्ड कप जिंकला, आणि मध्ये गवतावर ब्रीडर्स कप माइलमध्ये दुसरा आला. जपानच्या पँथालासाने २०२२ ला दुबई टर्फ बरोबरीत, आणि २०२३ ला डर्टवरचा सौदी कप सुरुवातीपासून पुढे राहून जिंकला. पुढे राहिल्यामुळे तोंडावर माती आलीच नाही, हे त्यातलं मर्म.

सिगारचं उदाहरण आम्हाला जास्त बोलकं वाटतं. तो गवतावर मध्यम घोडा होता. १९९४ च्या अखेरीस ट्रेनरने त्याला डर्टवर आणला आणि मग सलग १६ विजय. हाच घोडा एखाद्या युरोपियन मालकाकडे असता तर नाव कुणाला ठाऊक झालं नसतं.

न जमल्याची यादी मोठी आहे. डर्टवरचा ब्रीडर्स कप क्लासिक युरोपमध्ये तयार केलेल्या एकाच घोड्याने जिंकला आहे, १९९३ साली आर्कांगने. जायंट्स कॉजवे २००० मध्ये मानेच्या फरकाने आणि सखी २००१ मध्ये नाकाच्या फरकाने हरले. २०२५ च्या सौदी कपमध्ये हाँगकाँगचा रोमँटिक वॉरियर प्रथमच डर्टवर उतरला आणि फॉरेव्हर यंगकडून मानेच्याच फरकाने हरला. अव्वल टर्फ घोडा डर्टवर उतरला तर तो पडेल असं नाही, पण शेवटची मान-नाक तिथेच जाते.

वंशावळ बघून ट्रॅक ठरवता येतो का?

अंदाज बांधता येतो, भाकीत करू नये. संडे सायलेन्सने १९८९ ला केंटकी डर्बी डर्टवर जिंकली. तो जपानला विकला गेला आणि त्याच्या पोरांनी गवत गाजवलं. डीप इम्पॅक्ट त्याचाच. जुने नालबंद खूर बघतात: पसरट मोठा खूर मऊ गवताला बरा, लहान उभट खूर डर्टला. यात तथ्य असतं, पण सरावाच्या दोन-तीन धावा खुरापेक्षा जास्त सांगतात.

जपानी घोडे एवढे चांगले, तरी आर्क का जिंकत नाहीत?

जपानचं गवत कडक, घट्ट विणलेलं आणि वेगवान. ऑक्टोबरातलं पॅरिस ओलं. ऑर्फेव्हर २०१२ आणि २०१३ ला दुसरा आला. त्याआधी एल कोंडोर पासा (१९९९) आणि नाकायामा फेस्टा (२०१०) दुसरेच. घोडे कमी पडत नाहीत. आयुष्यभर टणक जमिनीवर आखलेलं पाऊल मऊ जमिनीत रुततं आणि प्रत्येक टापेला थोडी जास्त ताकद जाते. २४०० मीटरमध्ये त्याची बेरीज होते.

"गोइंग", म्हणजे त्या दिवशीची जमिनीची अवस्था, कशी मोजतात?

पेनेट्रोमीटरने. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं आणि सळई जमिनीत किती शिरली ते वाचायचं. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. आपल्याकडेही रेसच्या दिवशी हा आकडा जाहीर होतो. ब्रिटनमध्ये गोइंगस्टिक वापरतात. ती जमिनीत खुपसायला लागलेला जोर आणि आडवी ओढायला लागलेला जोर, दोन्ही मोजते. म्हणजे कडकपणाबरोबर पकडही कळते. ऑस्ट्रेलियात १ ते १० अशी श्रेणी आहे: १-२ टणक, ३-४ चांगली, ५ ते ७ मऊ, ८ ते १० जड.

अमेरिकन डर्टचे शब्द वेगळे. फास्ट, गुड, मडी, स्लॉपी. स्लॉपी ऐकायला मडीपेक्षा वाईट वाटतं, पण वर पाणी आणि खाली घट्ट थर असल्यामुळे वेळ बऱ्याचदा चांगली येते. खरा संथ असतो तो मडी.

महालक्ष्मीला पावसाळ्यात रेस का नसतात?

कारण ट्रॅक गवताचा आहे. महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चं. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पावसाळ्यात रेस पुण्याला जातात. समुद्रसपाटीला लागून असलेल्या जमिनीत जुलैचं पाणी मुरायला जागाच नसते. अशा ओल्या गवतावर पाचशे किलोचा घोडा भरधाव गेला की मुळासकट ढेकळं उपटतात, आणि तो खड्डा पुढच्या घोड्याचा पाय मोडतो. रोजचा सराव वाळूच्या ट्रॅकवर होतो, तोही गवत वाचवण्यासाठीच. रेसच्या दिवसांतही कठडा आत-बाहेर सरकवून गवताच्या एकेका पट्ट्याला विश्रांती देतात.

समुद्रकिनाऱ्यावर अधिकृत शर्यती कुठे होतात?

आयर्लंडमध्ये लेटाउनला, १८६८ पासून. स्पेनमध्ये सानलुकार दे बारामेदाला, १८४५ पासून, ऑगस्टमध्ये, ग्वादलकिविर नदीच्या मुखाशी. जर्मनीत कुक्सहाफेनजवळ डुहनेनला ओहोटीने उघड्या पडलेल्या गाळावर १९०२ पासून. तिन्हीकडे वेळापत्रक समुद्र ठरवतो. लेटाउनला १९९४ च्या अपघातानंतर वळणं कायमची बंद झाली. आता सहा-सात फर्लांगांची सरळ धाव आणि एका वेळी दहाच घोडे. कोकणात कुणी आयोजन करणार असेल तर हा एक नियम तरी डोळे मिटून घ्यावा: वळण नको. ओल्या वाळूत वळताना बाहेरचा पाय सरकतो आणि घोडा आडवा होतो.

आपल्या किनाऱ्यावर शर्यत ठेवायची तर दिवस आणि वेळ कशी ठरवायची?

तिथी बघा. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्दशी असेल तर १४ ची पाऊणपट साडेदहा. म्हणजे भरती साडेदहाच्या सुमारास, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेपाच. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी सव्वाबाराला, ती घोड्याला उन्हात मारणारी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पक्की वेळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यावी.

त्रयोदशी ते प्रतिपदा हे दिवस दुहेरी सोयीचे. ओहोटी संध्याकाळी येते, आणि उधाण असल्यामुळे पाणी सर्वांत लांब जातं. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पट्टी अरुंदच राहते. अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्मं. म्हणून दक्षिणेला उघडी पडणारी पट्टी मुळातच कमी. किनाऱ्याचा उतारही बघा. आक्षी-नागाव किंवा दापोलीजवळचं कर्दे सपाट आहेत, तर काशीद, गणपतीपुळ्याचा उतार जास्त. उतारावर घोड्याचे डावे-उजवे पाय वेगवेगळ्या उंचीवर पडतात, आणि ते सांध्यांना महागात जातं.

पट्टी धावण्यालायक आहे हे कसं ओळखायचं?

टाच दाबून. पाणी उतरून तास-दीड तास झाला की मधल्या पट्ट्यात जा आणि अनवाणी टाच जोरात रोवा. पावलाभोवती वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसली आणि ठसा एक-दोन सेंटिमीटरच उमटला, तर जमीन पक्की. वजनाखाली वाळूचे कण एकमेकांपासून किंचित फाकतात, त्या फटींत पाणी ओढलं जातं, म्हणून वरचा भाग कोरडा दिसतो. उलट ठशात पाणी झिरपलं आणि टाच खाली जात राहिली, तर वाळू पाण्याने भरलेली आहे. तिथे अजून अर्धा तास थांबा किंवा थोडं वर सरका. सुरूच्या बनाजवळची कोरडी भुसभुशीत वाळू तर अजिबात नको. तिथे घोड्याच्या मागच्या पायांच्या नसा ताणल्या जातात.

ही चाचणी एका जागी करून भागत नाही. दर २०-२५ मीटरवर, पट्टीच्या दोन्ही कडांना आणि मध्ये करा. हातात लोखंडी सळई ठेवा. वरचा थर घट्ट आणि खाली पोकळ अशा जागा सळईलाच कळतात. ओढा-पऱ्ह्या जिथे समुद्राला मिळतो त्याच्या दोन्ही बाजूंची वाळू दिसते पक्की, असते दलदल. पट्टीत पऱ्ह्या येत असेल तर पट्टीच बदला, फळ्या टाकून वेळ मारून नेऊ नका.

मग साफसफाई. शिंपले, कालवांचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, जाळ्याचे दोर. दहा-बारा माणसांनी एका ओळीत चालत जावं आणि परत यावं. खेकड्यांची बिळं ओल्या वाळूने भरून पायाने दाबा. मग बांबू किंवा जड फळी दोराने ओढून पट्टी सारखी करा. धाव ८०० ते १००० मीटर, आणि पुढे थांबायला आणखी किमान ४०० मीटर मोकळे. हे ४०० मीटर सगळे विसरतात. अपघात शर्यतीत कमी, घोडा थांबवताना जास्त होतात, कारण तिथे गर्दी येऊन उभी राहिलेली असते. सहा घोड्यांना १५-१८ मीटर रुंदी हवी. प्रेक्षक जमिनीच्या बाजूला, दोराच्या मागे. समुद्राच्या बाजूला कुणीही नको.

आणखी दोन गोष्टी. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढणाऱ्यांना आधी विचारा, कारण ओहोटीची वेळ त्यांच्याही कामाची असते. आणि हिवाळ्यात वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर वरच्या कोरड्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तिथे ट्रॅक्टर तर सोडाच, घोडेही नेऊ नयेत.

पाण्याकडची लेन मिळालेल्याला फायदा होतो का?

होतो. खालची बाजू बहुधा जास्त घट्ट असते, वरची लवकर सुकून भुसभुशीत होते. म्हणून लेन चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, आणि दोन फेऱ्या असतील तर दुसऱ्या फेरीत लेन उलट कराव्यात.

नाल कोणती असावी?

ओल्या वाळूवर साधी, सपाट, हलकी नाल. पुढच्या पायांच्या नालेला टोकदार पकड नको. खूर घसरायचा तेवढा घसरला नाही तर तो धक्का थेट नळीच्या हाडावर जातो. अमेरिकेतही पुढच्या नालेच्या अशा पकडीवर बंधनं आली ती याच कारणाने. फक्त पुळणीवरच राहणारा, मजबूत खुराचा घोडा बिननालाचाही चालतो. पण त्याच घोड्याला घरी जाताना डांबरी रस्ता असेल तर नाल हवीच.

शर्यतीनंतर घोड्याचं काय करायचं?

पहिलं काम गोडं पाणी. पाय, खूर, पोट, तंगाखालची (खोगिराच्या पट्ट्याखालची) जागा धुऊन काढा, डोळे आणि नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसा. मीठ खुरातला ओलावा ओढून घेतं, खूर तडकतो, नालेचे खिळे गंजून सैल होतात. किनाऱ्यावर काम करणाऱ्या घोड्याची नाल म्हणूनच जास्त वेळा तपासावी लागते.

दुसरं, उष्मा. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे घोडा लवकर थंड होत नाही. अंगावर सतत पाणी ओता, सावलीत चालवा, पाणी प्यायला द्या. काही घोड्यांना दमट हवेत घाम येणंच बंद होतं. धावून आलेला घोडा धापा टाकतोय आणि अंग कोरडं आहे, असं दिसलं की थेट पशुवैद्य.

तिसरं, वाळूचा पोटशूळ. पुळणीवर टाकलेला चारा खाताना वाळू पोटात जाते आणि आतड्यात साचते. चारा जाळीत टांगून किंवा घमेल्यात द्यावा. लीद बादलीभर पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा. तळाशी वाळू बसली तर समजा पोटात आहे. इसबगोल यावर वापरतात, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं.

कोकणात सिंथेटिक ट्रॅक टाकता येईल का?

पैसा असेल तर येईल. पण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो, उरलेले महिने ऊन आणि खारं वारं. निचरा दुप्पट करावा लागेल आणि मेणाचा लेप उन्हात किती टिकतो ते सतत बघावं लागेल. वर्षात एखाद-दुसरी शर्यत असेल तर ओहोटीची पुळण फुकट आहे आणि ती रोज दोनदा समुद्रच सपाट करून देतो. दर आठवड्याला धावायचं असेल तर मात्र पुळण नको. ती आज जशी आहे तशी उद्या नसते, आणि ज्या जमिनीची खात्री नाही तिच्यावर वारंवार धावणं घोड्याच्या पायांना परवडत नाही.

बैलगाडा शर्यतींना परवानगी आहे, मग घोड्यांना का वेगळी लागते?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये ज्या राज्य कायद्यावर शिक्कामोर्तब केलं तो बैलांच्या शर्यतींचा. घोड्यांची शर्यत त्याच्या आधारावर ठेवता येत नाही. १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा दोघांनाही लागू आहे. किनारा असल्यामुळे जिल्हा प्रशासन, पोलीस आणि मेरीटाइम बोर्ड यांच्याकडे लेखी अर्ज आधी करावा, आणि पशुवैद्य जागेवर हजर ठेवावा. चाबूक, आरी, घोड्याला काही पाजणं हे प्रकार दिसले तर त्या घोड्याला सुटण्याआधीच बाहेर काढावं.

पावसाळ्यात पुळणीवर सराव चालेल का?

नाही. जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून नेतात, खालचे दगड उघडे पडतात, आणि काल जिथून घोडा गेला तिथे आज हातभर खड्डा असतो. या दिवसांत घोडा बागेतल्या निचऱ्याच्या वाटेवर चालवावा, खूर रोज कोरडे करावेत, आणि गोठ्याची जमीन चिखलाची होऊ देऊ नये, कारण खुराच्या मधला मऊ भाग याच चार महिन्यांत कुजतो. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळायला लागतो, पण वाळू परत भरून यायला आणखी काही आठवडे जातात. दिवाळीच्या सुमारास सळई घेऊन पट्टी पुन्हा पहिल्यापासून तपासावी.